खिळ्यावरचा नान

६ ऑक्टोबर, सोमवार

माझ्या हातमागावर मस्तुरा बसलीय! ऐसपैस नव्हे — गुडघे दांड्याला आपटतायत, पाठीचं धनुष्य झालंय — पण बसलीय.

अकरा महिने. चार दवाखान्यात, सात घरी गोळ्या गिळत. क्षय बरा झाला, माग गेला. स्वागत मात्र जंगी! आमचे मुख्य कारागीर उस्ता अदहम छातीवर हात ठेवून चार पावलं लांबूनच म्हणाले, "या, या, होसियत-ओपा! काय तब्येत सुधारलीय!" सुधारलीय म्हणजे नऊ किलो वजन उतरलंय.

"डॉक्टरांनी हलकं काम लिहिलंय ना? सध्या कांड्या भरा."

सव्वीस वर्षं रेशमी अतलस विणलं मी. आमच्या मर्गिलान शहरातल्या निम्म्या नवऱ्या माझ्या हातचं कापड नेसून सासरी गेल्या. आता कांड्यांवर रेशीम गुंडाळत बसायचं! नव्या पोरींना पहिल्या आठवड्यात देतात ते काम.

"आणि माझा माग?"

"मस्तुरा बघतेय ना. तुम्ही आराम करा."

आराम! इतके दिवस मी लग्नांत नाचत होते असं वाटतं की काय यांना?

७ ऑक्टोबर

कारखान्यातल्या चहाच्या खोलीत जाऊन आधी नानचा खिळा पाहिला. गेल्या नोव्हेंबरात दवाखान्यात जायला निघाले तेव्हा सगळ्यांसमोर नानचा घास तोडला होता, रीतीप्रमाणे. उरलेला खिळ्याला टांगायचा. माणूस परतेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, आणि आल्यावर तो त्यानेच संपवायचा. फौजेत गेलेल्या पोरांचे नान घरोघर असे वाट बघत असतात.

माझा कुठाय? खिळ्यावर कॅलेंडर आहे. डाळिंबांचं चित्र. सुरेख आहे चित्र, त्याबद्दल तक्रार नाही.

चहा करणाऱ्या मावशींना, रिसोलत-खोलाला, विचारलं. "उन्हाळ्यात खोली रंगवली ना गं, तेव्हा..." एवढं बोलली आणि तिला एकदम किटल्या घासायची आठवण झाली.

नान फेकू नये हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण क्षयवालीनं चावलेल्या नानला बहुतेक सूट असावी.

संडासात जाऊन रडले. नानसाठी कोण रडतं? पण तो नाही म्हणजे मी परत येईन असं कोणालाच वाटलं नव्हतं.

८ ऑक्टोबर

भरलेल्या कांड्या — एकशे दहा. कोणी बोललेले शब्द — "कशा आहात?" पण उत्तरासाठी कोणी थांबलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मस्तुराबाईंचा थाट! चहाच्या वेळी पिशवीतून स्वतःचा वेगळा प्याला काढला, फडक्यात गुंडाळलेला. पार कोपऱ्यात गेली, एवढ्या गारठ्यात खिडकी सताड उघडली, ओढणी नाकावर ओढून बसली. मी दोन पावलं पुढे गेले तर हात आडवा केला —

"तिथेच थांबा ओपा. जवळ नका येऊ."

सगळ्यांसमोर! थुंकीच्या तीन तपासण्या झाल्यात माझ्या, तिन्ही स्वच्छ. कागद पिशवीतच असतो. तोंडावर फेकावासा वाटला.

हीच बया ओपा, ताई करत सहा वर्षं माझ्या शेजारच्या मागावर होती. एका प्याल्यातून चहा प्यायचो आम्ही. मी खोकायला लागले की खिदळायची, "ओपा, मागाचा धोटा खोकतोय की तुम्ही?" तेव्हा नाही किळस आली! आता माग मिळालाय ना.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मस्तुरा माझ्याहून वीतभर उंच आहे. पायाखालच्या पावड्यांच्या दोऱ्या माझ्या आखूड पायांच्या मापाने बांधलेल्या. दोन गाठी सैल केल्या की गुडघे आपटायचे थांबतील, पाच मिनिटांचं काम. अकरा महिन्यांत बाईंना सुचलं नाही! दुसऱ्याचा माग बळकवायची अक्कल आहे, गाठ सोडायची नाही.

शिवाय आजही दुपारीच निघून गेली. गेल्या आठवड्यात दोनदा गेली होती. आम्ही जरा पाणी प्यायला उठलो तर उस्ता घड्याळ बघतात.

आज त्यांना स्पष्ट विचारलं, माग देणार की नाही? "शनिवारी बोलू," म्हणाले. शनिवारपर्यंत मी चांगलं खणखणीत भाषण तयार करते.

१५ ऑक्टोबर

तोलकिन म्हणतो, "कांड्या तर कांड्या. बसून तर काम आहे ना?" माझ्या नवऱ्याला सगळी कामं बसूनच करावीत असं वाटतं. स्वतः तेवढा आडवा असतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

भाषण वाया गेलं. मी तोंड उघडायच्या आतच उस्ता म्हणाले, "सोमवारपासून माग तुमचा." का, कसं, काही नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

फाटकाशी मस्तुरा उभी होती. ओढणी नाकावर. बाकावर एक गाठोडं ठेवलं आणि स्वतः मागे सरकली.

"घ्या ओपा. खोली रंगवणारे फेकायला निघाले होते, म्हणून घरी नेला."

माझा नान! दगड झालेला. माझ्या दातांची खूण तशीच, पडक्या दाताच्या जागेसकट.

"पहिल्याच दिवशी आणणार होते," म्हणाली. "पण निकाल येईपर्यंत त्याला हात लावायला भीती वाटली. काल डॉक्टरांनी सांगितलं, हात लावल्यानं काही पसरत नाही."

कसला निकाल ते मी विचारलं नाही. मूर्खासारखं भलतंच विचारलं, "आणि पावड्यांच्या गाठी का नाही सोडल्यास?"

"सोडल्या असत्या तर उस्तांनी माग कायमचा माझ्या गळ्यात घातला असता. मी रोज सांगायचे, माझे पाय मावत नाहीत, ओपा येईपर्यंतच बसतेय."

मग पिशवीतून ताजा नान काढला, घास तोडला, उरलेला फडक्यात गुंडाळून बाकावर ठेवला.

"छातीच्या फोटोत डाग निघाला. थुंकीतही आहे म्हणाले काल. सोमवारी भरती. तुमचाच वॉर्ड." आणि हसली! "खाट कुठली चांगली ओपा?"

"खिडकीजवळची," मी म्हणाले. "पण वारा फार येतो."

 

जवळ नका येऊ, म्हणत होती. मला जपत होती. आणि सहा वर्षं एका प्याल्यातून चहा, शेजारी माझा खोकला. कोणी तसं म्हणालं नाही, म्हणणारही नाही. माझ्याकडूनच लागलं तिला ते.

२० ऑक्टोबर, सोमवार

डाळिंबांचं कॅलेंडर काढलं. खिळ्यावर मस्तुराचा नान टांगला. माझा चहात बुडवून संपवला, चुरासुद्धा ठेवला नाही.

मागावर बसले आणि पावड्यांच्या दोन्ही गाठी सोडून दोऱ्या लांब केल्या. उस्ता बघतच राहिले. त्यांना सांगितलं, माझे पाय पोहोचत नाहीत, मस्तुरा येईपर्यंतच बसतेय.