भूमिपूजनातलं गाणं

गुरुवार, संध्याकाळ. मोशी.

जायलाच नको होतं मी. बापूंच्या गार्डन हॉटेलात अकरा वर्षं दर शनिवारी गायले. आता ते पाडून तिथे बत्तीस मजली टॉवर उभा राहणार, आणि त्याच्याच भूमिपूजनाला आज मला गायला बोलावलं! फोनवर बापू म्हणाले, "जागा गेली म्हून मानूस जातंय व्हय ताई? एक गाणं म्हनाच." मला नाही म्हणता येत नाही, हाच माझा रोग.

स्टेज नेमकं आमच्या जुन्या जागी. मुखडा संपतोय तोच विक्री ऑफिसातली मुलगी आली. "मॅडम, आवाज जरा कमी. कस्टमरना फ्लॅटची माहिती देतोय."

केला कमी. पुन्हा आली. "अजून जरा कमी."

अजून किती? गाऊ की कुजबुजू?

मी माइक बंद केला. बापू धावत आले. "ताई, अंतरा ऱ्हायला की!"

"मग आधी त्यांना गप्प करा."

दारू चढलेली टेबलं एका हाकेत गप्प करणारा हा माणूस. मला कुणी वेडंवाकडं बोललं, तर त्याला कॉलर धरून बाहेर काढणारा. त्यांनी बिल्डरकडे पाहिलं, त्या मुलीकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा भाड्याचा फेटा सारखा करत नुसते उभे राहिले.

मी पर्स उचलली. गेटपर्यंत वाटत होतं, आता हाक मारतील.

नाही मारली.