टॉवरचे पाणी आणि धाकटा भाऊ

मोठमोठ्या इमारतींची एसी आणि हीटिंगची यंत्रे सांभाळण्यात हयात घालवलेला, ओळखीपाळखीत ‘गारवाले’ म्हणून ठाऊक असलेला मी हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. छाती साथ देत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालू शकणारी एकच व्यक्ती होती, ती माझ्याआधी गेली.

१. राहते घर व खालचे वर्कशॉप स्वकष्टार्जित असून ते माझ्या एकुलत्या मुलीचे. बाहेरची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते. जन्मभर लोकांची ऑफिसे गार केली आणि स्वतःच्या घरात एसी बसवायचा राहून गेला. बायको यावरून चार माणसांत टोमणे मारायची. मुलीने बसवावा.

२. बँकेतील शिल्लकही तिचीच.

३. गेज, क्लॅम्प मीटर, व्हॅक्यूम पंप, नळ्या घासायचे लांब ब्रश, सगळी हत्यारे मुलीला. ती हेच काम करते. तिला एवढेच सांगणे: गिऱ्हाईक ‘गार होत नाही’ म्हणाले की लगेच तापमान खाली ओढू नकोस. आधी फिल्टर बघ, कॉइल धू, नळ्यांतला क्षार काढ. घुसमटलेले यंत्र वीज जास्त खाते आणि गारवा कमी देते. वाचलेली वीज कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शाबासकीही मिळत नाही. त्याची सवय कर.

४. धाकटा भाऊ. हे कलम लांबेल, वकिलांनी कितीही नाक मुरडले तरी.

आम्ही भागीदार होतो. माझी बायको ज्या इमारतीत टेलिफोनवर बसायची, तिथल्या यंत्रांचे कंत्राट आमच्याकडे होते. नव्या मालकांनी खर्च कमी करा म्हणताच भावाने गच्चीवरच्या कूलिंग टॉवरची, म्हणजे एसीचे तापलेले पाणी गार करणाऱ्या टाकीची, सफाई आणि पाण्यात टाकायचे जंतुनाशक औषध बंद केले.

मी म्हटले, “अरे, ते पाणी तुषार होऊन हवेत उडतं. घाण साचली तर माणसं आजारी पडतील.”

तो हसला. “दादा, गच्चीवर चढून बघतंय कोण? टॉवर चालतोय ना?”

त्या भांडणात भागीदारी मोडली. कंत्राट त्याच्याकडे राहिले. बायकोला मी नोकरी सोड म्हटले. ती म्हणाली, “भावजी आहेत ना तिथे. तुम्ही दोघं खुशाल भांडा, मला मधे ओढू नका.”

उन्हाळा सरताना तिला ताप भरला, मग न्यूमोनिया झाला. त्याच मजल्यावरचे आणखी काही जण आजारी पडले. ते बरे झाले, ती झाली नाही. डॉक्टर म्हणाले, टॉवरच्या पाण्यातले जंतू असू शकतात. पाणी तपासायला माणसे आली, तोवर टॉवर घासूनपुसून लख्ख झालेला होता. सिद्ध काहीच झाले नाही.

भाऊ दारात येऊन उभा राहिला. “दादा, एकदा ऐकून तरी घे.” मी दार लावले. पुढेही तो येत राहिला, मी उघडले नाही.

माझ्या मालमत्तेतील काहीही त्याला मिळू नये. हे विसरून राहिलेले नाही, समजून उमजून लिहिले आहे. मुलगी सांगते, हाताखाली माणसे असूनही आता प्रत्येक टॉवर तो स्वतः चढून धुतो. धुवो.

५. माझ्या अंत्यविधीला त्याला कोणी अडवू नये. मात्र माझ्या देहाजवळ त्याने काही बोलू नये. जिवंतपणी मी ऐकले नाही, मेल्यावर निमूट पडून ऐकणे मला सोसायचे नाही.

दुरुस्ती: वरील मजकूर मुलीने वाचला. घरादाराबद्दल ती काही बोलली नाही. पाचव्या कलमावर बोट ठेवून म्हणाली, “बाबा, मग काकानं बोलायचं तरी कधी?”

सबब कलम ५ मधील बोलण्याची मनाई रद्द समजावी. त्याला बोलू द्यावे. त्याचे संपेपर्यंत बाकीच्यांनी बाहेर थांबावे, आणि दार मुलीने लोटून घ्यावे.

दुरुस्तीसह सर्व मजकूर वाचून, समजून सही केली.

स्थळ: राहते घर
दिनांक: ९ नोव्हेंबर
सही: गारवाले

आमच्या समक्ष सही झाली:
१. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही)
२. शेजारचे लिफ्ट मेकॅनिक (सही)