पुण्याहून आलेला आईचा आवाज

चिखलोली,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप चांगुणाआत्या,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. (खरं तर प्रत्यक्ष येऊन पाया पडायला हवं, हे मला कळतं. पण तू 'राहू दे गो बाय' म्हणत पाय मागे घेतेस, आणि त्या गडबडीत मागच्या वेळी माझं डोकं तुझ्या दुखऱ्या गुडघ्यावर आपटलं. म्हणून सध्या कागदावरूनच.) गुडघा कसा आहे? शिवराममामांचा खोकला काय म्हणतो? काढा त्यांच्या पोटात जातो की तुळशीच्या कुंडीत? मला तुमची तुळस जरा जास्तच तरारलेली दिसली होती. इकडे सगळे ठीक. बाबा फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून घराच्या दारावर नजर ठेवून असतात आणि आई सोसायटीच्या पाण्यावर. त्यामुळे चोरी आणि तहान या दोन्ही बाबतीत आम्ही सुरक्षित आहोत.

मी दिवसभर घरात बसून काय करते हे तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगते. आज नीट सांगते. लोकांच्या घरी वॉशिंग मशीन बंद पडलं की ते एका नंबरवर फोन करून ओरडतात. तो ओरडा मी ऐकते आणि गोड आवाजात 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं म्हणते. असे पगारी दिलगीर आम्ही सात-आठ जण आहोत, सगळे आपापल्या घरी. रोज स्क्रीनवर भेटतो, पण ओळख फक्त छातीपर्यंतची. उदाहरणार्थ, उल्हासनगर कॅम्प पाचचा प्रीतम. त्याच्या तोंडात कायम पापड असतो हे मला ठाऊक आहे, पण तो उभा राहिला तर केवढा असेल हे देवालाच माहीत. आमच्या मुख्य रिद्धी मॅडम पुण्यात असतात. आणि साईनाथ म्हणून एक जण आहे, तो आमची टेलिफोनची यंत्रणा सांभाळतो. ती यंत्रणा पुण्याच्या ऑफिसात आहे, म्हणून त्याने पुण्यातच राहायचं, हाक मारली की धावायचं, अशी अट घालूनच कंपनीने त्याला घेतलेलं. (मुलगा शांत. आवाज चांगला. पुढे वाच.)

तर परवा रिद्धी मॅडमना वाटलं की आम्हा लोकांत आपुलकी कमी आहे. आपुलकी वाढवायला त्यांनी सगळ्यांना एका खोट्या बंगल्यात कोंडायचं ठरवलं. घाबरू नकोस, हा ऑनलाइन खेळ असतो. स्क्रीनवर जुना बंगला दिसतो, त्यातला रत्नांचा मोर चोरीला गेलेला असतो, दरवाजे बंद होतात आणि आपण डिटेक्टिव्ह होऊन खोल्या धुंडाळायच्या. आपल्यातल्याच एकाला गुपचूप निरोप आलेला असतो की 'चोर तू आहेस, सगळ्यांशी खोटं बोल.' तासाभरात चोर ओळखला तर दार उघडतं. आमच्या आधी नागपूरच्या टीमने ओळखला होता. आम्हीही ओळखला असता तर सगळ्यांना एक शनिवार सुट्टी मिळणार होती, आणि आत्या, शनिवारी लोकांची वॉशिंग मशिनं इतर कुठल्याही वारापेक्षा जास्त बिघडतात.

संध्याकाळी हेडफोन शोधले तर सापडेनात, म्हणून लॅपटॉपचा आवाज तसाच मोठा ठेवून बसले. बाबा खुर्ची ओढून शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे. त्यांचा जन्म फॅक्टरीच्या गेटवर गेला, माणूस बघताक्षणी चोर की साव ते ओळखतो असा त्यांचा दावा. खेळ सुरू होताच त्यांनी माझ्या कानात सांगितलं की चोरी रिद्धी मॅडमनीच केली आहे, त्या फार हसतात. आई मात्र 'पगार घेऊन भोंडला खेळा' असं म्हणून बादल्या घेऊन खाली गेली, कारण टँकरची वेळ झाली होती. (आमच्याकडे नवीन बिल्डिंग आहेत, लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे, फक्त नळाला पाणी नाही.)

मला बंगल्याचा माळा मिळाला. तिथे एक घड्याळ होतं, त्याचे काटे बरोबर फिरवले की कपाट उघडतं म्हणे. मी ते इतकं फिरवलं की प्रीतम म्हणाला, 'शलाका, घडी है, जातं नाही.' तो स्वतः स्वयंपाकघरात होता, खेळातसुद्धा. शेवटी पुरावे संपले आणि उलटतपासणी सुरू झाली. प्रत्येकाला विचारायचं, चोरीच्या वेळी तू कुठे होतास? साईनाथची पाळी आली. तो आपल्या शांत आवाजात सांगू लागला की मी ग्रंथालयात पुस्तक वाचत बसलो होतो, आणि नेमका त्याच वेळी खाली आमच्या टँकरवाल्याने हॉर्न दिला.

तो हॉर्न तू ऐकला आहेस. कोंबडं पिळल्यासारखा. मी खिडकी लावायला उठणार, तोच लॅपटॉपमधून, साईनाथच्या चौकोनातून, तसंच कोंबडं पुन्हा पिळलं गेलं. मला वाटलं पुण्यातही असले टँकर असतील, पुणं काही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. पण मागोमाग त्याच चौकोनातून बाईचा आवाज आला, 'ओ ड्रायव्हर! पाइप इकडं घाल! ए विंगला आधी! बी विंगवाले काय मरत नाहीत!'

आत्या, पुण्याहून माझी आई बोलत होती.

बाबा खुर्चीत ताठ झाले. त्यांनी आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि हळूच म्हणाले, 'ही तिकडं कधी गेली?' माझ्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तो डोक्यात न राहता तोंडातून बाहेर आला. मी ओरडले, 'हा खोटं बोलतोय! हा तिथे नाहीचए!'

रिद्धी मॅडमना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांना वाटलं ग्रंथालयाचंच चाललंय. त्या टाळ्या वाजवत म्हणाल्या, 'सुपर, शलाका! मग होता कुठे तो? पुरावा सांग!' सगळे स्क्रीनला नाक लावून बसले. प्रीतमचा पापड थांबला. आणि साईनाथ माझ्याकडे बघत होता. स्क्रीनवर कोण कोणाकडे बघतंय हे खरं म्हणजे कळत नाही, पण ते मला कळलं. त्याच्या मागे भिंतीला टेकवलेली एक चार पायांची लोखंडी घोडी दिसत होती, तिच्यावर पंचा वाळत घातलेला. ती घोडी मी कित्येक दिवस बघत होते आणि कपडे वाळत घालायचा स्टँड समजत होते. पंचा जरा सरकला होता. तो म्हाताऱ्या माणसांचा चालायचा वॉकर होता. एकट्या राहणाऱ्या मुलाच्या खोलीत वॉकर कशाला असेल, हे कळायला डिटेक्टिव्ह लागत नाही.

मॅडम पुन्हा म्हणाल्या, 'बोल ना, वेळ संपतोय.' मी पुरावा सांगितला असता तर साईनाथची नोकरी गेली असती. गप्प बसले असते तर त्यांनी त्यालाच खोदून विचारलं असतं, आणि त्याला खोटं बोलता येत नाही हे तर आता सगळ्यांनाच दिसत होतं. मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, 'मॅडम, पुरावा नाही. मी त्याच्यावर ढकलत होते. चोर मीच आहे.'

लगेच सगळ्यांनी माझ्या नावावर शिक्का मारला. (इतक्या पटकन मारायला नको होता, असं मला अजून वाटतं.) स्क्रीन लाल झाली, बंगल्याचं दार धाडकन लागलं आणि पाटी आली की तुम्ही निरपराध माणसाला पकडलंत. चोर प्रीतम होता. तो शांतपणे म्हणाला, 'मैं तो तयार बैठा था, मला कोणी विचारलंच नाही.' शनिवार गेला. मॅडमनी मला विचारलं की तू असं का केलंस, तर मी गोड आवाजात म्हटलं, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे.'

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात साईनाथ, पायांसकट. हातात रिकामी बादली, कारण आईच्या कृपेने बी विंगला पाणी पोचलंच नव्हतं. बादली बघून आई दार लावायला निघाली, मी मध्ये पडले. तो आत येऊन अवघडून बसला आणि सांगू लागला. वडील बाथरूममध्ये पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आई एकटी त्यांना उचलू शकत नव्हती, म्हणून तो पुण्याची खोली सोडून इथे बी विंगमध्ये त्यांच्याकडे आला. रोज सांगेन सांगेन म्हणत राहिला आणि राहून गेलं. यंत्रणा मात्र गुणी, तिने मधल्या काळात एकदाही दगा दिला नाही.

मी जरा ऐटीत म्हटलं, 'पण मी ओळखलंच की नाही?'

तो म्हणाला, 'मी तुम्हाला इथे आल्याच्या आठवड्यातच ओळखलं होतं. तुम्ही गॅलरीतून वॉचमनला झापत होतात. मला आधी वाटलं या घरात दोन बहिणी असाव्यात. एक ऑफिसात बोलते, दुसरी वॉचमनशी.'

बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ते आईने आणलं, आणि काय वाटलं कोण जाणे, साईनाथची बादलीही भरून दिली.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. मी म्हटलं होतं, घाई नको. पण तो म्हणाला, 'तुम्ही माझ्यासाठी चोर झालात, मला आता नीट जेवण जाणार नाही.' मॅडमनी म्हणे आधी वडिलांची चौकशी केली, नंतर त्या भरपूर रागावल्या, आणि शेवटी ठरलं की यंत्रणेकडे बघायला पुण्यातला दुसरा माणूस नेमायचा आणि याने महिन्यातून एकदा जाऊन तोंड दाखवायचं. नोकरी राहिली. त्याचे वडील आता वॉकर घेऊन लिफ्टपर्यंत येतात आणि आरशात बघून परत जातात.

असो. सांगण्यासारखं एवढंच. बाकी काही विशेष नाही. मामांना नमस्कार, तुळशीलाही.

तुझी,
शलाका

ता. क. – 'परवा' असं मी वर लिहिलं आहे. तो खेळ दिवाळीनंतरचा. आता होळी आली. मधल्या काळात बादली बरेचदा आली-गेली. कधी कधी भरलेली असतानाही आली.

ता. क. २ – वर 'बाकी काही विशेष नाही' असं लिहिलं आहे, तेही खरं नाही. आई-बाबांना मुलगा पसंत आहे. मला तर आहेच. त्याच्या घरचेही तयार आहेत. घोडं फक्त तुझ्यापाशी अडलं आहे.

ता. क. ३ – रागावू नकोस. साईनाथची आई म्हणजे तुमच्या गावची सोनी. हो, तीच. आपल्या रुचिकाताईच्या लग्नात, हळदीला धवला गाताना पहिली ओळ कोणी म्हणायची यावरून तुमचं जे झालं, तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस, हे सगळ्या गावाला माहीत आहे. बाबांनी तिला बघितल्याबरोबर ओळखलं आणि तुझ्या भीतीने आत जाऊन झोपले. फोनवर सांगितलं असतं तर तिचं नाव ऐकूनच तू फोन ठेवला असतास. पत्र रागाने खाली ठेवलंस तरी राग उतरल्यावर उचलून वाचता येतं. तू नाही म्हणालीस तर बाबा तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाहीत, आणि मीही जाणार नाही. म्हणून एकदा येऊन जा. सोनीमावशीला मी तुझ्याबद्दल विचारलं, तर ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, 'चांगुनाला सांग, पयली ओल तिनंच बोलायची. तिचाच आवाज चांगला हाय, तवाबी मला म्हाईत व्हतं.'