एकट्यांच्या क्लबचा सेक्रेटरी

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

सौ. वैशाली हिस,

'सौ.' लिहिलं, कायद्यानं अजून चालतं. मी बरा आहे, गुडघा कुरकुरतो. तुझ्या आईंची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

घटस्फोटासाठी दोघांनी मिळून अर्ज करू या, त्यासाठी सप्टेंबरात पुण्याला ये, असं तू मे महिन्यात कळवलंस. मी गप्प बसलो. परवा तुझा मेसेज आला: 'हो की नाही ते सांग. आणि तू म्हणे एकट्यांच्या होड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी आहेस? हे काय नवीन?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी.

नवीन काही नाही, बारा वर्षं झाली. तू पुण्याला गेलीस त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी हुसेनसागरवर शिडाची होडी चालवायला शिकलो. त्या होडीला दोन माणसं लागतात, एक सुकाणूवर, एक शिडाच्या दोरीपाशी. बाकीचे जोडीनं यायचे. जोडी नसलेले आम्ही तिघं काठावर चहा पीत बसायचो: रेल्वेतून निवृत्त झालेले हिम्मतराव, त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, बँकेतल्या भाग्यलक्ष्मी, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, आणि मी. हिम्मतराव म्हणाले, "असं तोंडं पाहत बसायचं नक्को जी. आपलीच एक होडी घेऊ." घेतली, जुनी होती, गळायची. क्लब सुरू झाला तो असा.

नियम मी लिहिले. कायदा शिकवणारा माणूस हाताशी असल्यावर दुसरं कोण लिहिणार? मुख्य नियम एकच: सभासद एकटा हवा, लग्न ठरलं की क्लब सुटला. नाहीतर जोड्या जमून पुन्हा तेच झालं असतं. हिम्मतरावांनी मला विचारलं होतं, "तुमचं कसं जी?" मी म्हणालो, "एकटाच राहतो." खोटं नव्हतं ते. पुढे कुणी खोदून विचारलं नाही.

जाणाऱ्याला निरोप द्यायची रीतही पडली. शेवटच्या रविवारी तो होणाऱ्या बायकोला होडीत बसवायचा, आम्ही गुडघाभर पाण्यात उतरून होडी ढकलायचो, मग काठावर चहा आणि उस्मानिया बिस्किटं. असे सहा जण गेले. ओंकारनं तर हात जोडले होते, "सर, लग्नानंतर फक्त रविवारचं येऊ द्या." मी त्याला नियम वाचून दाखवला.

जूनमध्ये स्वाती आली. मूळची कोथरूडची, इथे आयटीत आहे. तुला क्लबचं कळलं ते तिच्याकडूनच असणार. चहाच्या वेळी सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "सर, आमच्या शेजारच्या वैशालीताई तुमच्या कोण?"

"बायको," मी म्हणालो.

हिम्मतरावांनी कप खाली ठेवला. "हौ का? आणि त्या ओंकारला काढला तुम्ही." भाग्यलक्ष्मी म्हणाल्या, "घटस्फोट घेऊन या. तोवर होडी नाही." त्यांचं काही चुकलं नाही.

म्हणजे बघ, सगळ्यांचीच सोय होत होती. तुला मकरंदशी लग्न करता येणार, मला सुकाणू परत मिळणार. एक हो म्हणायचं, बस. तेवढं माझ्याच्यानं तीन महिने झालं नाही.

का, ते शोधत बसलो. रविवारी दुसरं काम नव्हतंच. इतकी वर्षं लोक विचारायचे, एकट्यानं कसं जमतं हो तुम्हाला? मला सहज जमायचं, नव्या सभासदांना मी उपदेशही करायचो. जमायचं, कारण कोथरूडला तू होतीस. तू फोन करायची नाहीस, मी करायचो नाही, पण मनातल्या मनात भांडायला एक हक्काचं माणूस होतं. हिम्मतराव खरे एकटे आहेत. मी नव्हतो. हे तुला सांगताना लाज वाटते, आणि वाईटही वाटतं.

मी येतो. तारीख कळव, अडवणूक करणार नाही. मकरंदना नमस्कार सांग. त्यांच्याबद्दल दोन चांगले शब्द लिहिणार होतो, पण ते जरा जास्तच होईल.

क्लबचा राजीनामा काल दिला. भाग्यलक्ष्मी म्हणाल्या, "आता तर तुम्ही नियमात बसाल, मग सोडता कशाला?" मी म्हणालो, आता नाही जमायचं मला.

कोर्टाच्या तारखेपर्यंत तुझाच,
शशिकांत