मोटारसायकल रुळतीया, माणूस धाडू नका

लोहारा, फसली सन १३५० (इंग्रजी १९४१)

व्हय, जुंपला बैल. तुमच्या नव्या मोटारसायकलीला म्याच बैल जुंपला, अन् त्यात वावगं काय बी न्हाय. तुमी इचारलं न्हाय, पर कुणीतरी कानावर घालणारच, म्हणून आदी उत्तर दिऊन मोकळा झालो. आता रीतीचं लिहितो. चिरंजीव मल्लिकार्जुन जावईबापू, तामलवाडीकर, यांस सासरा कल्याणप्पाचा शरणार्थ. वीरभद्राच्या किरपेनं आमी समदे धडधाकट हावोत. विहीणबाई इरम्मांचा गुडघा कसा हाय? (दुखत असंल तर करंजाचं तेल चोळा, डाक्टरला दावू नका. तो आदी फी बघतो, मग गुडघा.) तुमची बायकू, म्हंजी आमची शिवम्मा, हितंच हाय अन् झकास जेवतीया. तुमी इचारलं न्हाय, तरी सांगतो.

काल तुमचा चुलतभाऊ शरणप्पा सर्व्हिस मोटारीनं आला. च्या पिला अन् म्हणाला, "मामा, दादानं गाडी मागितलीया." म्या म्हणलं, "अन् बायकू?" तो म्हणाला, "तिचं काय बोलला न्हाय." मग म्या बी गाडीचं लई बोललो न्हाय. भाकरी खाऊ घातली अन् आल्या पावली रिकामा धाडला. एवढंच सांगितलं, की गाडी अजून रुळायचीया, अन् अर्धवट रुळलेलं जनावर आमी दुसऱ्याच्या दावणीला बांधत न्हाय.

आता बैलाचं. पावसानं वाट निसरडी झाली म्हणून तुमी गाडी आमच्या गोठ्यात ठिवली अन् जाताना धा बारा डाव बजावलं, की मामा, रोज थोडी फिरवा, पर पळवू नका, नवं इंजिन हाय, सोलापूरच्या मिस्त्रीनं ताकीद दिलीया. बरं. आमी गोऱ्हा कसा शिकिवतो? जुन्या बैलाशेजारी जुंपतो. जुना पळत न्हाय, म्हणून नवा बी पळत न्हाय. ह्याला मिस्त्री लागत न्हाय. म्या आमचा पवळ्या काढला, ज्यानं जन्मात कशाची घाई केली न्हाय (वैरण बघून बी न्हाय), त्याच्या मानंला दोरखंडानं गाडी बांधली, वर बसलो अन् किक मारली. पवळ्यानं तसला आवाज कवा ऐकला नव्हता. म्हाताऱ्याला पंख फुटले. मिस्त्रीनं मनाई केलेल्या वेगाच्या दुपटीनं आमी भर बाजारात शिरलो, अन् त्यात इंजिनाचा काडीचा दोष न्हाय, ते बिचारं आपलं हळूच चाललं हुतं. मिरच्यांचा ढीग गेला. सिताबाई कासारणीनं बांगड्यांची टोपली छातीशी धरली म्हणून वाचली. तहशिलीपुढं पवळ्या आपसूक थांबला, कारण तिथं पाण्याचा हौद हाय. पहाऱ्यावरचा जवान म्हणाला, "बडे मियाँ, ये मोटार है कि बैलगाडी?" म्या म्हणलं, "हुजूर, अबी सीख रई." तो म्हणाला, "कौन?" म्या पवळ्याचं तोंड घराकडं वळवलं.

घरी आलो तर शिवम्मा म्हणती, "अप्पा, गाडीला ब्रेक हाय. बैलाला हाय का?" मग बैल सोडला. तवाच पोरीनं दुसरी गोष्ट सांगितली, जी तुमी सांगितली नव्हती. तामलवाडीहून येताना दर चढाला तुमी तिला खाली उतरवलं, का, तर नव्या इंजिनावर वजन पडतंय. ती डोक्यावर गाठुडं घिऊन, धापा टाकत वर पोचली, तर तुमी उपरण्यानं वारा घालत हुता. इंजिनाला. जावईबापू, आमी गाभण म्हशीला बी चढाला असं चालवत न्हाय. तुमी गेलात तवा ती पोचवाय दारापत्तुर का आली न्हाय, ते मला तवा उमगलं. एवढे लाड मशिनीला सोसत न्हायत अन् बायकू ते इसरत न्हाय.

पर हाती घेतलेलं काम म्या टाकत न्हाय. रोज सकाळी ओढ्यापत्तुर जाणं-येणं. हळू. घागरी घेतलेल्या बाया आमाला मागं टाकून जात्यात. कुत्री पहिल्यांदा भुंकली, आता त्यांना बी कट्टाळा आलाय. आमचा शेजारी महालिंगप्पा रोज वट्यावरून म्हणतो, "कल्याणप्पा, हातानं ढकलत न्या, लौकर पोचाल." म्या तिकडं बघत न्हाय. इंजिन तापलं की लिंबाखाली उभं करायचं, तेल बघायचं, गार झालं की परत निघायचं. वारा कुणी घालत न्हाय. गाडी पुरती रुळली की कळवीन, तवर माणूस धाडू नका.

तुमचा सासरा,
कल्याणप्पा

ता. क. शरणप्पाला खोटं सांगितलं. गाडी तो यायच्या आदीच रुळली. दोन माणसं अन् जोंधळ्याचं अर्धं पोतं घिऊन नळदुर्गाकडचा चढ न थांबता चढली.

आणखी एक. पंचमी झाली की खुद्द या. गाडी मागाय न्हाय, बायकू न्यायला. आदी तिच्याशी बोला, गोठ्याकडं नंतर वळा. ती येते म्हणली तर गाडी बी येईल. न्हाय म्हणली तर दोघी हितंच ऱ्हातील, आमाला जड न्हायत.

अन् जाताना चढाला कुणाला उतरावं लागलंच, तर तुमी उतरा. शिवम्माला उतरता यायचं न्हाय, कारण पुढं ती बसणार हाय. बैल सोडल्यापासून म्या नुसता मागं बसत हुतो. ती कवा शिकली, कुणी शिकिवली, लुगडं कसं सावरती, काय बी इचारू नका. म्या सांगणार न्हाय.