प्रार्थनेची रांग

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर

प्रिय स्मृती,

सासूचं पत्र पाहून दचकू नकोस. रोज फोनवर तोंड दिसत असताना ही कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. पण तो फोन विहंगनं लावून दिलेला, त्यावरचा घरचा ग्रुपही त्याचाच, आणि तिथे मी साधं शिंकले तरी टेक्सासात आधी त्याला कळतं. मला जे सांगायचंय ते आधी तुला सांगायचंय. शेजारच्या मधुसूदनरावांची लेक परवा तिकडे निघाली आहे. तिच्या हाती हे पाकीट आणि तिळाच्या गजकचे डबे देते. गजक सोनिकाची आहे. विहंगला एखादाच तुकडा दे, कारण पुढे येईलच.

तुझी बातमी मला तुझ्याकडून कळायला हवी होती, म्हणून थोडा रागही आहे. सोनिकाच्या शाळेच्या बोर्डासमोर तू जे बोललीस त्याचा व्हिडिओ मला माझ्या भाचीनं दाखवला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला शब्द ऐकूच आले नाहीत, मी नुसती तुझा हात बघत होते. माइकच्या दांड्याभोवती तुझी बोटं आवळलेली होती. मग तू तो हात खाली घेतलास, टेबलावर टेकवलास आणि म्हणालीस, मी कुणाची प्रार्थना बंद करायला आलेले नाही, माझ्या मुलीच्या शाळेत कुणाची प्रार्थना खरी हे शाळेनं ठरवू नये एवढंच सांगायला आले आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी ओरडलं. तू वळून पाहिलंस, थांबलीस, आणि उरलेलं वाक्य पूर्ण केलंस. हा व्हिडिओ मी सकाळी दूधवाल्याला, दुपारी कामवालीला आणि संध्याकाळी सगळ्या महिला मंडळाला दाखवला. इंग्रजी कुणाला फारसं कळलं नाही, पण सगळ्यांनी विचारलं, ही तुमची सून का? मी म्हटलं, हो, माझीच. तुमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलवारी चालवल्या, आम्ही भटजी लोक घंटा वाजवत बसलो, हे मी लग्नात तुझ्या संग्रामसिंह आजोबांना चिडवण्यासाठी बोलले होते. आता ते शब्द मी अगदी गंभीरपणे पुन्हा बोलते आहे.

हे सगळं सुरू कुठून झालं ते मला ठाऊक आहे, आणि तू विहंगला पाठीशी घालून मला अर्धंच सांगितलंस हेही ठाऊक आहे. तुमच्या बोर्डानं ठराव केला की शाळा भरण्याआधी रोज प्रार्थना आणि बायबल वाचन होईल, ज्यांचे आईवडील सही देतील त्या मुलांसाठी. तू दवाखान्यात ड्यूटीवर होतीस. कागद विहंगच्या हातात आला आणि त्यानं सही ठोकली. इतर देशी लोकांनी तो कागद दहादा वाचला असेल. पण आमचा मुलगा ग्वाल्हेरचा. त्याची आई मिशनच्या शाळेत शिकलेली, घरात तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडायची सवय, त्यामुळे प्रार्थना म्हटलं की त्याला ती आपोआप चांगलीच वाटते. पोरीला संस्कार होतील, लवकर उठेल, एवढाच त्याचा विचार. मी त्याला यासाठी रागावत नाही. ही चूक आमच्याच घरात होऊ शकते, आणि ती करायला त्याला आम्हीच शिकवलं.

मग त्या रविवारचा फोन. तू स्वयंपाकघरात होतीस, सोनिका एकटीच पडद्यासमोर आली आणि आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "आजी, तू हेलमध्ये जाणार का गं? मला तू तिकडे नकोय." बायबल वाचायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की जे मूर्तीची पूजा करतात त्यांना देव स्वर्गात घेत नाही, हेलमध्ये, म्हणजे नरकात टाकतो. मी हसून म्हटलं, आधी मला सराफ्यात तुझी पैंजणं आणायला जायचंय, बाकीचं नंतर बघू. ती थोडी हसली. मग तिनं सांगितलं की घरातला गणपती तिनं मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, म्हणजे कुणाला दिसणार नाही आणि आजी वाचेल. फोन ठेवल्यावर मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सात वर्षांची पोर माझा जीव वाचवायला देव लपवते आहे. त्या बाई वाईट असतील असं मला वाटत नाही. त्यांना सोनिकाची मनापासून काळजी वाटत असेल, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणं कठीण.

विहंग मला परवा म्हणाला की तूसुद्धा कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस, रोज आकाशातल्या बापाची प्रार्थना म्हटलीस, तुझं काय बिघडलं? खरंच काही बिघडलं नाही. उलट मला ती शाळा फार आवडायची. आमच्या मोठ्या सिस्टर केरळच्या होत्या, नाकावर चष्मा, आवाज कडक. मी वक्तृत्व स्पर्धेत उतरले तेव्हा त्यांनी मला विचारलं, घरी संध्याकाळी काय म्हणतेस ते म्हणून दाखव, म्हणजे तुझा श्वास कुठे तुटतो ते कळेल. मी त्यांच्या ऑफिसात, भिंतीवरच्या क्रूसाखाली उभी राहून रामरक्षा म्हटली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, श्वास फार लवकर घेतेस. असं होतं ते. पण विहंग, म्हणजे आता मी त्याच्याशीच बोलते आहे बघ, ती शाळा त्यांची होती. माझ्या वडिलांनी, मुकुंदरावांनी, सगळं माहीत असून, फी भरून मला तिथे घातलं होतं. पटलं नसतं तर दुसऱ्या दिवशी काढलं असतं. सोनिकाची शाळा तुम्हां सगळ्यांच्या कराच्या पैशांवर चालते. तिथे फळ्याच्या बाजूला कुणाचा देव टांगायचा हे बहुमतानं ठरू लागलं, की उरलेल्यांची पोरं पाहुणी होतात. तिकडे बोर्डाच्या निवडणुकीत पाट्या लावणारे म्हणतात की देशच ख्रिस्ती आहे, मग शाळा का नको. मला ही भाषा ओळखीची आहे. देवाचं नाव बदललं की ती आपल्याकडेही तशीच्या तशी बोलता येते.

ती ओळखीची का आहे, हे मी या घरात आजवर कुणालाच धड सांगितलेलं नाही. विहंग लहान असताना माझी बदली ग्वाल्हेरबाहेर, डबऱ्याच्या पलीकडच्या एका गावी झाली होती. त्याला वाटतं ती नेहमीची बदली होती. मी तेव्हा ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका सरकारी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. आमच्याकडे सकाळी सरस्वतीची प्रार्थना व्हायची. आठवीत तिर्की आडनावाची एक मुलगी होती, वडील रेल्वेत, लोक मूळचे दूर जशपूरकडचे आदिवासी, ख्रिस्ती. ती प्रार्थनेला रांगेत यायची, हात बाजूला ठेवून गप्प उभी राहायची. ना हसणं, ना कुजबुज. तपासणीला आलेल्या साहेबांच्या ते डोळ्यांत आलं. ते म्हणाले, जी मुलगी हात जोडत नाही तिला रांगेबाहेर काढा आणि वर्गातही बसवू नका. मी म्हटलं, साहेब, ती उभी आहे ना, शाळेला तेवढंच हवं. त्यांनी लेखी खुलासा मागितला, मी लेखी दिला. मग बदलीचा कागद आला.

तुझे सासरे तेव्हा बँकेत, नुकतंच माधवगंजातलं घर दुरुस्तीला काढलेलं, मूल लहान. ते घाबरले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. साहेबांना भेटून माफी माग, बदली थांबेल, असं त्यांनी मला चार वेळा सांगून पाहिलं. मी ऐकेना, तेव्हा ते आपल्या आईकडे गेले. माझ्या सासूबाई लीलाताई तुला फोटोतच माहीत. सोवळं इतकं कडक की मी शाळेतून आले की अंघोळ केल्याशिवाय मला पाण्याच्या घड्याला हात लावू देत नसत. सरस्वतीच्या प्रार्थनेवरून सुनेनं वाद घातलाय म्हटल्यावर त्या मला सोलून काढतील, असं यांना वाटलं. मलाही तेच वाटलं. त्या स्वयंपाकघरात आल्या, मी कणीक मळत होते. त्यांनी विचारलं, "त्या पोरीला रांगेतून काढलं तर नाही ना?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग झालं. माझ्या लेकाची, गोविंदाची फिकीर तू नको करू. अप-डाउनला सकाळची बस पकडावी लागेल, डबा मी देत जाईन." दुसऱ्या दिवसापासून त्या अंधारात उठून, न्हाऊन, सोवळ्यात माझा डबा बांधायच्या. सरस्वती त्यांची लाडकी देवता होती, वसंत पंचमीला त्या तासन्‌तास पूजेला बसत. मी एकदा विचारलं, तुम्हांला राग नाही आला? तर म्हणाल्या, हात धरून जोडायला लावले तर तो नमस्कार देवीला पोचतो का? मग मी यांना सांगितलं की डबऱ्याला मी आनंदानं जाईन. मी गेलेही. त्या बसमध्ये भेंडीच्या भाजीचा वास आला की माझी मान ताठ व्हायची.

तिर्कीची पोर पुढे नर्स झाली. मागे मी पडले तेव्हा दवाखान्यात तीच भेटली. तिनं माझ्या हाताला सुई लावली आणि ओळखलं. आम्ही दोघी रडलो, आणि तुझे सासरे सलाइनच्या बाटलीकडे बघत उभे राहिले.

आता हे पत्र का, ते सांगते. तू बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली आहेस हे मला विहंगनं गेल्या आठवड्यात सांगितलं. आवाजात भीती होती त्याच्या. अंगणातली तुझी प्रचाराची पाटी कुणी उपटून टाकली, गाडीच्या काचेवर परत जा असं लिहून ठेवलं, त्याला पाहिलं की ऑफिसात लोक हळू बोलायला लागले, हे सगळं त्यानं सांगितलं. तुझ्याबरोबर दारोदार फिरणाऱ्या त्या कोपऱ्यावरच्या चर्चमधल्या पियानोवाल्या म्हाताऱ्या बाई सोडल्या तर तुझ्या बाजूनं उघडपणे कुणी नाही, असं त्याचं म्हणणं. मग तो म्हणाला, "आई, नाव मागे घ्यायची मुदत अजून आहे. माझं नाही ऐकत ती. तुझं ऐकेल. तू समझाव ना तिला, एक पत्र लिही." मी त्याला म्हटलं, लिहिते. तर हेच ते पत्र. तो घाबरलाय ते तुमच्यावरच्या मायेनं, त्याच्या बापासारखाच, म्हणून त्याच्यावर चिडू नकोस. वाचून झालं की त्यालाही वाचायला दे आणि वर गजकचा आणखी एक तुकडा दे. नाव मागे घेऊ नकोस. जिंकशील की नाही मला माहीत नाही, तुझ्याबरोबर रांगेत कुणी उभं नाही असं मात्र त्याला पुन्हा म्हणू देऊ नकोस. माझा व्हिसा अजून चालू आहे, मी तिकीट काढलं आहे आणि पुढच्या महिन्यात येते. सोनिकाला सांग, आजी पैंजणं घेऊन येते आहे, तेव्हा गणपतीला ड्रॉवरमधून काढून त्याच्या जागी ठेव. आणि तू सकाळी लवकर बाहेर पडत जा, लोकांची दारं वाजव. डबा मी देत जाईन.

तुझीच,
आई