अंतरपाटावरचं स्वस्तिक

रत्नागिरी, १५ मे २००५, संध्याकाळ

काय करून बसलो मी! वेणूच्या लग्नातला एकच फोटो अण्णांना हवा होता. पोरीचे वडील, माझे थोरले भाऊ, हेदवीला अंथरुणाला खिळलेले. म्हणाले होते, "अंतरपाट दूर झाला की तिचा चेहरा कसा होतो, तेवढा मला दाखव."

मी नवऱ्यामुलाच्या खांद्यामागे उभा. नव्या डिजिटल कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसला पकडायला रेघ लागते, कडा लागते. कोऱ्या पांढऱ्या कापडावर लेन्स नुसती पुढेमागे करत राहिली. मग कुंकवाचं स्वस्तिक सापडलं, बीप वाजला, मी निर्धास्त. बटण अर्धं दाबूनच ठेवलं, म्हणजे फोकस तिथेच अडकून राहतो. कापड खाली येऊ लागताच बटण पूर्ण दाबलं, पण फोकस कापडावरच. वीस वर्षं हाताने लेन्स फिरवली, आजच का विसंबलो त्या बीपवर?

फोटोत स्वस्तिकाची रेघ न् रेघ स्पष्ट. वर वेणूचं तोंड म्हणजे नुसतं धुकं.

आत्ता अण्णांचा फोन आला. "फोटो बरा आलाय ना रे?"

"एकदम स्पष्ट," म्हणून गेलो.

मग म्हणाले, "हसली का रे?"

मी तिच्यासमोर चार हातांवर होतो. माझीही नजर त्या स्वस्तिकावरच होती.